टाचेखाली चारशे किलो

होंडाची गोल्डविंग टूर ही मोटरसायकल पेट्रोल-तेल भरून, पण सामान आणि माणूस न चढवता तोलली तर चारशे किलोंच्या जवळ जाते. तिच्या पोटाखाली दोन पायांचा एक लोखंडी सांगाडा घडी करून ठेवलेला असतो. आपल्याकडे त्याला डबल स्टँड म्हणतात, कुणी मेन स्टँड म्हणतं, कंपनीच्या पुस्तकात तो सेंटर स्टँड असतो. गाडीभोवती जमलेली माणसं सहा सिलिंडरचं आडवं इंजिन बघतात, स्पीकर बघतात, मागच्या सीटचा सोफ्यासारखा थाट बघतात. वाकून स्टँडकडे कुणी बघत नाही. मला मात्र या अवाढव्य यंत्रात पुन्हापुन्हा वाचावासा वाटणारा मजकूर तिथेच आहे. एकट्या माणसाने, हातात कुठलंही अवजार न घेता, ही गाडी मागचं चाक जमिनीवरून सुटेपर्यंत उचलायची आणि निर्धास्तपणे सोडून द्यायची, हे काम दोनेक सेकंदांत होतं. इतक्या आखूड कृतीत किती विचार भरलेला असू शकतो, ते बघण्यासारखं आहे.

आधी रचना. स्टँडची बिजागरी गाडीच्या सांगाड्याला खालच्या अंगाला, मागच्या चाकाच्या पुढे असते. मिटलेला स्टँड मागे वळून वर चिकटलेला असतो, स्प्रिंगने ओढून धरलेला. त्याच्या डाव्या पायाला एक दांडी फुटलेली असते. तिच्यावर पाय ठेवून दाबलं की स्टँडचे दोन्ही पाय खाली येतात आणि जमिनीला टेकतात. टेकतात त्या क्षणी ते बिजागरीच्या थोडे मागे असतात. आता दांडीवर भार दिला की गाडी वर उठते आणि मागे सरकते, बिजागरी त्या दोन पायांच्या बरोबर माथ्यावर येते, माथा ओलांडते आणि पलीकडे अगदी थोडी खाली उतरून अटकावाला टेकते.

ही शेवटची उतरण मिलिमीटरांत मोजावी इतकी लहान असते, पण सगळ्या रचनेचा अर्थ तिच्यात आहे. स्टँडला कुलूप नाही, खिट्टी नाही, खटका नाही. गाडी वर राहते ती तिच्या स्वतःच्या वजनामुळे, कारण खाली यायचं तर तिला आधी पुन्हा माथ्यावर चढावं लागेल, आणि ते ती आपण होऊन करणार नाही. वजन जितकं जास्त तितकी ती घट्ट बसते. ढकलताना, वळवताना, पेट्रोलपंपावरच्या रांगेत पाय टेकताना ज्या वजनाची धास्ती वाटते, तेच वजन इथे राखणदार होतं. बहुतेक गाड्यांत स्प्रिंगही हाच डाव खेळते. मिटलेल्या स्थितीत ती स्टँडला वर ओढत असते, आणि बिजागरीची रेषा ओलांडली की तीच स्प्रिंग त्याला खाली, उघडा धरून ठेवते. एका स्प्रिंगकडून दोन उलटी कामं करून घेणाऱ्या त्या अनामिक ड्राफ्ट्समनला मी मनातल्या मनात दाद देतो.

आता कृती. चालक गाडीच्या डाव्या बाजूला उभा राहतो. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा हात मागच्या सीटजवळच्या पकडीवर. बीएमडब्ल्यूच्या काही जुन्या बॉक्सर गाड्यांना याच कामासाठी सीटखालून बाहेर काढता येणारी एक खास मूठ असे. उजवा पाय दांडीवर. इथे घाईचा माणूस लगेच जोर लावतो, आणि तिथेच फसतो. कारण यानंतरची पायरी जोराची नाही, ऐकण्याची आहे. गाडी साइड स्टँडवरून सरळ उभी करायची आणि दांडी हलके दाबून स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागलेत का ते चाचपायचं. गाडी डावीकडे झुकलेली असेल तर फक्त डावा पाय टेकतो आणि तिथे नुसतं डगमगणं जाणवतं. हँडल किंचित उजवीकडे नेत आणलं की एक क्षण असा येतो, दोन्ही पाय एकदम टेकतात, आणि तळव्याखाली जमीन एकाएकी सपाट, घट्ट लागते. पोलादी दांडीतून, बुटाच्या सोलमधून येणारी ही खबर इतकी स्पष्ट असते की एकदा कळली की पुढे डोळे मिटूनही कळते. त्या क्षणापूर्वी गाडी दोन चाकांवरची असते, म्हणजे पडू शकणारी. त्यानंतर ती चार ठिकाणी टेकलेली असते आणि आडवी पडण्याची भीती जवळजवळ संपते. काही अजून उचललेलं नाही, तरी अर्धं काम झालेलं आहे.

मग उचलणं. खरं तर उचलणं नाहीच. चालक दांडीवर उभा राहतो, इतकंच. उजवा गुडघा सरळ होतो, सगळं शरीर त्या एका पायावर येतं, डावा पाय जमिनीवरून सुटला तरी चालतो. हातांनी गाडी वर ओढायची नसते. डावा हात हँडल सरळ ठेवतो, उजवा हात गाडीला थोडी मागची दिशा दाखवतो. जे पाठीतून ओढतात त्यांची कंबर दुखते आणि गाडी तिथेच राहते. दांडी बुटाच्या पुढच्या भागाखाली घेतली तर पोटरीच थकते. ती टाचेच्या अलीकडे, तळव्याच्या खोलगट भागात हवी, म्हणजे नडगी उभी राहते आणि शरीराचा भार हाडांमधून सरळ खाली जातो. नीट जमलं की गाडी उसासा टाकावा तशी मागे सरकून वर जाते आणि एक जाड, बुटका आवाज होतो. तो आवाज ऐकलेला माणूस पुढे स्टँड लागला की नाही हे वाकून तपासत नाही.

सगळ्यांत जड क्षण पहिला असतो, शेवटचा नाही. स्टँडचे पाय कलते असताना गाडी मागे सरकते त्या प्रत्येक सेंटिमीटरला वर जायचा वाटा जास्त असतो, आणि पाय उभे होत जातात तसा तो घटत जातो. माथ्याजवळ गाडी जवळजवळ आडवीच सरकत असते. त्यामुळे अर्ध्यावर हाय खाऊन सोडून देणाऱ्याने नेमकी चढण पार केलेली असते, आणि सपाटी समोर असताना तो मागे फिरतो.

हिशेब मांडून बघू. हिशेबापुरतं असं धरू की मागचं चाक सुटेपर्यंत ३९० किलोंच्या गाडीचा गुरुत्वमध्य अडीच सेंटिमीटर वर जातो. ३९० गुणिले अडीच, म्हणजे ९७५. आता ७० किलोंचा माणूस दांडीवर उभा राहून १५ सेंटिमीटर खाली येतो असं धरा. ७० गुणिले १५, म्हणजे १०५०. घर्षणाला थोडं गेलं तरी पारडं माणसाच्या बाजूला झुकतं, तेही बेताचंच. हा बेत अपघाताने साधलेला नाही. स्टँड लांब केला तर चाक जास्त उचललं जाईल, टायर काढायला सोपं, पण मग माणूस अपुरा पडेल. आखूड केला तर शाळकरी पोरही गाडी चढवील, पण चाक सुटणारच नाही. दांडी लांब केली तर पायाला काम हलकं, पण गाडी वळणात झुकली की ती रस्त्याला घासेल. कारखान्यात कुणीतरी एका सरासरी माणसाचं वजन कागदावर लिहून त्याभोवती हे सगळं बसवलेलं असतं. या यंत्राचा एक सुटा भाग कारखान्यात तयार होत नाही, तो गाडी विकत घेणारा स्वतःबरोबर आणतो, आणि तो भाग म्हणजे त्याचं शरीर.

गोल्डविंगबद्दल एक गैरसमज मात्र इथे दूर करायला हवा. १९७५ च्या पहिल्या जीएल १००० पासून या गाडीचं इंजिन आडवं आणि पेट्रोलची टाकी सीटखाली. वजन खाली असल्यामुळे ती आकाराच्या मानाने गरीब वाटते, आणि त्यामुळेच ती सेंटर स्टँडवरही सहज जाते असं तिचे चाहते सांगतात. गुरुत्वमध्य खाली असल्याने ती सरळ धरून ठेवणं सोपं जातं, हे खरं. पण अडीच सेंटिमीटर वर न्यायला लागणारं काम गुरुत्वमध्य कुठेही असला तरी तेवढंच. म्हणजे गोल्डविंग मदत करते ती पहिल्या पायरीला, दोन्ही पाय टेकवण्याच्या त्या कानोशाला. दुसऱ्या पायरीला ती कसलीही सूट देत नाही.

सातारा रस्त्यावरच्या एका धाब्यासमोर साठी ओलांडलेल्या, अंगाने बारीक अशा एका गृहस्थांना मी ही गाडी स्टँडला लावताना पाहिलं. दोन तगडी पोरं मदतीला धावली. त्यांनी मान हलवून दोघांना लांब उभं केलं, हँडल इकडचं तिकडे जरा हलवलं आणि दांडीवर असे उभे राहिले, जणू जिन्याची एक पायरी चढताहेत. गाडी वर गेली. पोरांपैकी एक जण म्हणाला, ‘काका, टेक्निक आहे.’ काका म्हणाले, ‘मागून कुणी ओढलं तर माझं बिघडतं रे.’ ते शिष्टपणाने बोलत नव्हते. मागून ओढणारा हात नेमका तो दोन पायांचा समतोल मोडतो, आणि चार टेकू असलेली गाडी पुन्हा दोनांवर आणतो.

जपानमध्ये ही कृती परीक्षेचा विषय झालेली आहे. १९७५ पासून तिथे ४०० सीसीच्या वरच्या मोटरसायकलींसाठी वेगळी, सरकारी केंद्रावरच द्यावी लागणारी आणि कुप्रसिद्ध होण्याइतकी अवघड चाचणी होती. १९९६ मध्ये ड्रायव्हिंग स्कूलमधून हा परवाना मिळू लागेपर्यंत हेच चाललं. त्या चाचणीत गाडीवर बसण्याआधी उमेदवाराला तीन गोष्टी करून दाखवाव्या लागत: आडवी पडलेली गाडी उभी करणे, ती इंग्रजी आठाच्या आकारात ढकलत नेणे आणि सेंटर स्टँडवर लावणे. यात अडखळणाऱ्याला पुढे गाडी चालवायला मिळतच नसे. आजही तिथल्या स्कूलमध्ये पहिल्या तासाला हेच शिकवतात, दोनशे किलोंहून जड गाडीवर, आणि पाच फुटांच्या आतबाहेरच्या मुली ते शिकून बाहेर पडतात. या परीक्षेत मला भावतं ते तिचं तारतम्य. वेग, वळण, ब्रेक हे सगळं नंतर. आधी ही वस्तू बंद असताना किती जड आहे आणि तिच्याशी कसं वागायचं, ते दाखव.

आपल्याकडे सरकारने असं काही मागितलं नाही, पण घरांनी मागितलं. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली आणि एका पिढीच्या घराघरांत तिचा स्टँड हा पोरांचा पहिला धडा झाला. ‘आधी स्टँडला लावून दाखव, मग किल्ली’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा त्या वयाचा पुणेकर विरळा. स्कूटर हलकी, पण पोरगंही हलकं, त्यामुळे प्रमाण फार बिघडत नसे. बुलेटवर तोच धडा जास्त कडक होता. आजही चहाच्या टपरीसमोर डबल स्टँडवर चढवलेल्या बुलेटवर आडवे बसून, पाय हलवत गप्पा मारणारी पोरं दिसतात. स्टँडच्या बिजागरीवर तो जुलूमच आहे, पण गाडी हलत नाही, कारण वरून वजन वाढलं की ती आणखी घट्ट बसते, हे आपण वर पाहिलंच.

टूरिंगच्या गाडीला खरी अडचण येते सामानाने. दोन्ही बाजूंच्या पेट्या भरलेल्या, मागची मोठी पेटी भरलेली, की मागचं सस्पेन्शन दबतं आणि गाडी बसते. मग स्टँडचे पाय जमिनीला टेकतात तेव्हा नेहमीपेक्षा जास्त कललेले असतात. म्हणजे चढण लांबते, आणि वजनही वाढलेलं असतं, म्हणजे दोन्हीकडून मार. सीटची उंची कमी करायला काही जण मागचं सस्पेन्शन खाली उतरवून घेतात, त्यांच्या गाडीला हा त्रास कायमचाच. गोल्डविंगमध्ये मागच्या स्प्रिंगचा ताण बटणाने वाढवता येतो, आणि जाणकार चालक गाडी बंद करण्यापूर्वी तो पूर्ण वाढवून घेतात, म्हणजे गाडीची पाठ थोडी वर येते. ज्यांच्याकडे बटण नाही ते मागच्या चाकाखाली बोटभर जाडीची फळी घालतात. ही फळी मला फार आवडते. तिने गाडीचं वजन एक ग्रॅमही कमी होत नाही, फक्त चढणीचा पहिला, सगळ्यांत उभा भाग कापला जातो. ती फळी घालणाऱ्याला वर मांडलेली भूमिती सांगता येईलच असं नाही, पण त्याला ती समजलेली असते.

जमीन हाही मजकुराचा भाग आहे. एप्रिलच्या दुपारी मऊ झालेल्या डांबरात स्टँडचे पाय रुततात, मुरमावर ते घसरतात. उतारावर तोंड खाली करून लावलेली गाडी तर स्टँडवरून आपण होऊन उतरू शकते, कारण उतरण्याची दिशा पुढेच असते. आणि गिअरमध्ये ठेवली आहे या भरवशाला तिथे अर्थ नाही, मागचं चाक हवेत आहे. तोंड चढाकडे असलं तर लावणं उलट सोपं जातं, कारण गाडीला मागे जायला उतार साथ देतो.

२००५ च्या मॉडेलपासून बीएमडब्ल्यूने के १२०० एलटी या आपल्या भल्यामोठ्या टूररला विजेवर आणि हायड्रॉलिक दाबावर चालणारा सेंटर स्टँड दिला. बटण दाबायचं, गाडी आपोआप वर. गुडघे गेलेल्या माणसाला हे वरदान होतं आणि त्याबद्दल कुरकुर करण्याचा मला हक्क नाही. गोल्डविंगनेही १९८८ च्या जीएल १५०० पासून रिव्हर्ससाठी स्टार्टर मोटरची मदत घेतलीच होती. तरी मला एलटीचा स्टँड हा मूळ कल्पनेचा विस्तार वाटत नाही, वेगळीच कल्पना वाटते. त्यात मोटर आहे, पंप आहे, नळ्या आहेत, आणि माणसाचं वजन हिशेबातून वगळलेलं आहे. साध्या स्टँडमध्ये बिघडण्यासारखं काय, तर एक स्प्रिंग आणि ग्रीस सुकलेली बिजागरी. तीही पावसाळ्यानंतर कुणी साफ करत नाही, आणि मग दांडी जड झाली म्हणून लोक स्वतःच्या वयाला दोष देतात.

हार्लेच्या टूरिंग गाड्यांना कारखान्यातून सेंटर स्टँडच येत नाही. त्या आपल्या साइड स्टँडवर डावीकडे रेलून उभ्या राहतात आणि तशाच छान दिसतात. त्यांच्या मालकांना विचारलं तर ते म्हणतात, लागतो कशाला? पंक्चर काढताना लागतो. ऑइलची पातळी गाडी सरळ उभी करून बघायची असते तेव्हा लागतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन मोटारींच्या मधे तिरकी उभी राहायला जागा नसते तेव्हा लागतो. चेनच्या गाडीला तर दर काही शे किलोमीटरला चाक फिरवत तेल सोडायला लागतोच. पण हेही कबूल केलं पाहिजे की गोल्डविंगसारख्या शाफ्टच्या गाडीचे कितीतरी मालक वर्षवर्ष स्टँडला हात, म्हणजे पाय, लावत नाहीत.

उतरवणं हा या कृतीचा उपेक्षित भाग. सगळे चढवण्याबद्दल बोलतात. उतरवताना गाडीला पुन्हा त्या माथ्यावर पुढे ढकलावं लागतं, आणि माथा ओलांडला की ती स्वतःच्या मर्जीने खाली येऊन पुढे धावते. चढवताना माणसाचं वजन काम करतं, उतरवताना गाडीचं. म्हणून आधी साइड स्टँड उघडायचा, मग डावीकडे उभं राहून दोन्ही हात हँडलवर, उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर, पण ब्रेक दाबलेला नाही. ढकलायचं, मागचं चाक जमिनीला लागल्याचा धक्का ओळखायचा आणि लगेच ब्रेक. अनेक जण गाडीवर बसूनच पुढे हिसका देऊन उतरवतात. उंच माणसाला ते जमतं आणि दिसतंही रुबाबदार. मला ते पसंत नाही. स्टँडवर सीट उंच झालेली असते, पाय जमिनीला जेमतेम पोचतात, आणि चारशे किलो पुढे निघाले की ते सावरण्याचं काम त्या जेमतेम पोचलेल्या पायांवर येतं. खाली उभं राहून उतरवणाऱ्याला निदान दोन्ही तळवे आधीपासून जमिनीवर मिळतात, आणि गाडी आपल्याकडे कलली तर साइड स्टँड खाली उघडा असतो.